मानसशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन यांची सांगड : पदवीच्या अटींचे चिकित्सक वाचन
(विशेष संदर्भ : शिरूर व दौंड तालुके)

प्रस्तावना

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मानसशास्त्र हा मुख्य विषय घ्यावा आणि त्याला वाणिज्य किंवा व्यवस्थापनाची जोड द्यावी, असा विचार दोन दशकांपूर्वी एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात मांडला असता, तर शाखाबदलाचा नियम दाखवून तो बाजूला ठेवला गेला असता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ही भिंत कागदावर तरी दूर केली. महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना अमलात आली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेली शिरूर व दौंड येथील महाविद्यालयेही या रचनेच्या कक्षेत येतात. मानसशास्त्र व व्यवसाय अध्ययन यांच्या जोडपदवीसाठी ही रचना कोणत्या अटी घालते आणि त्या अटी पुरेशा आहेत काय, याचे परीक्षण प्रस्तुत लेखात केले आहे. सदर अटी दोन विषयांचे प्रमाण ठरवितात, परंतु दोन विषयांची भेट कोठे व्हावी हे ठरवीत नाहीत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अटींचे गणित

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीस किमान १६० श्रेयांक लागतात. तीन वर्षांच्या पदवीत मुख्य विषयाचे किमान ६० व गौण विषयाचे किमान २४ श्रेयांक अपेक्षित आहेत. महाराष्ट्राच्या रचनेत गौण विषयासाठी १८ ते २० श्रेयांक आहेत. हा विषय अन्य विद्याशाखेतून घेण्याची मुभा आहे, तर खुला वैकल्पिक विषय अन्य विद्याशाखेतूनच घेण्याचे बंधन आहे. म्हणजे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास वाणिज्य हा गौण विषय घेता येतो, शिवाय खुल्या वैकल्पिकातूनही त्याच दिशेने जाता येते. एका श्रेयांकास १५ तासांचे अध्यापन धरले, तर २० श्रेयांक म्हणजे ३०० तास होतात. इतक्या अवधीत लेखांकन, विपणन व मनुष्यबळ व्यवस्थापन यांची प्राथमिक ओळख होऊ शकते. त्याहून अधिक अपेक्षा धरणे योग्य ठरणार नाही.

दुहेरी मुख्य विषयाची वाट मात्र अरुंद आहे. आयोगाच्या आराखड्यानुसार त्यासाठी दुसऱ्या विषयाचे किमान ४० टक्के, म्हणजे १२० पैकी ४८ श्रेयांक मिळवावे लागतात. पहिल्या विषयाचे ६० आणि दुसऱ्याचे ४८ मिळून १०८ होतात, म्हणजे उरतात १२. परंतु बहुविद्याशाखीय विषय ९, भाषा व क्षमतावर्धन ८, कौशल्य ९, मूल्यवर्धन ६ आणि प्रशिक्षण २ असे किमान ३४ श्रेयांक याच आराखड्याने अन्यत्र राखून ठेवले आहेत. हे श्रेयांकही दुसऱ्या विषयाकडे वळविल्याशिवाय किंवा विद्यार्थ्याने जादा श्रेयांक मिळविल्याशिवाय तीन वर्षांत दुहेरी पदवीचा मेळ बसत नाही. प्रवेशाच्या वेळी ‘दोन्ही विषयांत पदवी’ असे आश्वासन देण्यापूर्वी ही बेरीज पालकांसमोर मांडणे हे महाविद्यालयाचे नैतिक कर्तव्य ठरते.

निवडीचे स्थानिक वास्तव

आराखड्यातील निवड आणि वेळापत्रकातील निवड यांत अंतर असते. गौण विषय द्यावयाचा तर कला व वाणिज्य या दोन्ही शाखांच्या तासिका एकमेकींवर येता कामा नयेत. तालुक्याच्या महाविद्यालयात विषयाला एकच शिक्षक, तोही पुष्कळदा तासिका तत्त्वावरील, अशी स्थिती असली म्हणजे विद्यार्थी विषय निवडत नाही, मोकळी असलेली तासिका विषय निवडते. मानसशास्त्राची अडचण आणखी एक आहे. हा प्रात्यक्षिकांचा विषय असून त्यास उपकरणे, प्रमाणित चाचण्या आणि लहान गट लागतात. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास ३० तास द्यावे लागतात. खर्च व कार्यभार वाचविण्यासाठी प्रात्यक्षिक संकुचित केले, तर जोडपदवीतील मानसशास्त्राचा भाग केवळ पाठांतरापुरता उरतो.

येथे आणखी एका निर्णयाची नोंद घेणे आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. प्रत्यक्ष सरावाविना असे विषय शिकवू नयेत, हा त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. परंतु नोकरी वा शेती सांभाळून घरबसल्या मानसशास्त्र शिकण्याचा मार्ग त्यामुळे नवीन विद्यार्थ्यांसाठी बंद झाला. परिणामी शिरूर किंवा दौंडच्या मुलीपुढे दोनच पर्याय राहतात : जवळच्या महाविद्यालयात हा विषय असणे, किंवा पुण्याला जाणे. ज्या घरात दुसरा पर्याय परवडत नाही, तेथे पहिल्या पर्यायाची गुणवत्ता हाच सगळा प्रश्न होऊन बसतो.

दोन विषयांची भेट

मानसशास्त्र आणि उद्योग यांचे नाते नवे नाही. अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्यातील अभ्यास १९२४ ते १९३२ या काळात झाले. आपल्याकडे अहमदाबाद हे तत्कालीन मुंबई राज्यात असतानाच १९५३ मध्ये ए. के. राइस यांनी तेथील कॅलिको गिरणीत मागांवरील कामगारांच्या गटरचनेचे प्रयोग केले. अहमदाबादच्याच वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत, म्हणजे ‘अटिरा’मध्ये, कमला चौधरी यांनी मानसशास्त्रीय संशोधनाचे नेतृत्व केले. पुढे त्या तेथील भारतीय व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापक झाल्या. या उदाहरणांत मानसशास्त्र वर्गात आणि व्यवसाय दुसऱ्या वर्गात, अशी विभागणी नव्हती. दोहोंची भेट मागाजवळ झाली.

शिरूर व दौंड यांच्यापाशी अशा भेटीसाठी लागणारी भूमी आहे. शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत घरगुती विद्युत उपकरणे व मोटारी तयार होतात. दौंड तालुक्यातील कुरकुंभ वसाहतीत रसायन उद्योग आहेत. त्याच परिसरात साखर कारखाने, उसाची गुऱ्हाळे आणि कांद्याचा व्यापार आहे. रात्रपाळीचा झोपेवर व एकाग्रतेवर काय परिणाम होतो? धोक्याची सूचना रोज वाचणारा कामगार ती किती दिवसांनी पाहीनासा होतो? चाळीत कांदा साठविणारा शेतकरी गेल्या वर्षीच्या चढ्या भावाला किती बांधलेला असतो? डॅनियल कानेमन व एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेली तोट्याच्या भयाची मीमांसा या शेवटच्या प्रश्नाला थेट भिडते. कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ही गोष्ट या दोन ज्ञानशाखांमधील सीमा किती पातळ आहे याची साक्ष देते.

महाराष्ट्राच्या रचनेत कार्यप्रशिक्षण व क्षेत्रीय प्रकल्प यांना स्थान आहे. कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक म्हणजे किमान १२० तास होतात. हे तास उपस्थितीच्या प्रमाणपत्रात संपू नयेत. प्रकल्पाचा प्रश्न मानसशास्त्राचा, माहिती व्यवसायाची आणि मार्गदर्शन दोन्ही विभागांचे, अशी अट घातली तरच सांगड या शब्दाला अर्थ प्राप्त होतो.

एक सावधगिरी

ही सांगड कोणाच्या बाजूने उभी राहणार, हा प्रश्न टाळता येणार नाही. कंत्राटी कामगाराचा थकवा मोजावयाचा तो कमी करण्यासाठी की अधिक काम करवून घेण्यासाठी? १९४८ च्या कारखाने अधिनियमात पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यास कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा अडीचशेवर आणली. कायदा कामगाराच्या कल्याणाची अशी तरतूद करीत असताना अभ्यासक्रमाने केवळ ग्राहकाचे मन वळविण्याचे तंत्र शिकवावे, हे उचित नाही. तसेच या पदवीने कोणी समुपदेशक वा चिकित्सक होत नाही, आणि पदवीपूर्व विद्यार्थ्याने नोकरभरतीसाठी व्यक्तिमत्त्व चाचण्या वापरणे अयोग्य आहे, हे पहिल्याच सत्रात स्पष्ट केले पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, मानसशास्त्र-वाणिज्य जोडीसाठी दोन्ही शाखांच्या तासिका प्रवेशापूर्वीच जुळवून जाहीर कराव्यात. दुसरी, संख्याशास्त्र हा दोहोंमधील सामाईक विषय मानून तो या विद्यार्थ्यांसाठी अनिवार्य करावा. तिसरी, प्रात्यक्षिके व चाचण्यांची सामग्री जवळपासच्या महाविद्यालयांनी मिळून वापरावी. शिरूर व दौंड हे लगतचे तालुके असल्याने हे अशक्य नाही. चौथी, क्षेत्रीय प्रकल्पात संमती, गोपनीयता व कामगाराचे हित यांना गुणदानात स्थान असावे.

श्रेयांकांची बेरीज परीक्षा विभाग करील. रांजणगावच्या पाळीवरून थकून घरी येणाऱ्या बापाच्या मुलीला त्या थकव्याकडे शास्त्र म्हणून पाहता यावे, ही जबाबदारी मात्र शिक्षकांचीच आहे. पदवीच्या अटी लिहिताना ती मुलगी समोर असावी, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.