जू आणि विसावा

'विसावा' हा शब्द मराठी माणसाला पंढरीच्या वाटेवर भेटतो. पालखी घटकाभर खाली टेकते, वारकरी डोईवरची बोचकी उतरवतात, पाणी पितात आणि पुन्हा वाटेला लागतात. विसाव्याच्या जागी कोणी घर बांधीत नाही. पुढे चालता यावे एवढ्यासाठीच तो असतो. आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या मराठी शुभवर्तमानातही नेमका हाच शब्द आला आहे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू कष्टी आणि भारावलेल्या लोकांना आपल्याकडे बोलावतो आणि विसावा देऊ करतो. या वचनावर प्रवचने पुष्कळ झाली, गीतेही पुष्कळ रचली गेली. परंतु विसावा देऊ करणारा त्याच श्वासात आपले जू खांद्यावर घ्यायला सांगतो, याकडे गाणाऱ्यांचे लक्ष थोडे कमीच जाते. विश्रांती मागायला आलेल्या माणसापुढे जू ठेवायचे, हे आहे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर मराठी वाङ्मयात कोठे सापडते, ते पाहण्याचा या लेखात विचार आहे.

त्यासाठी नगर जिल्ह्याकडेच वळावे लागते. ज्या जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवाशास १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यात १८३१ साली अमेरिकन मिशनची माणसे येऊन राहिली. 'ज्ञानोदय' पत्र १८४२ साली येथेच निघाले. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनाच्या घाटात बसवून गावोगाव ऐकवले ते याच भागात. म्हणजे परक्या मुलखातून आलेल्या श्रद्धेला टाळमृदंगाचा ठेका येथे मिळाला. आणि या सगळ्या खटपटीला ज्यांच्यामुळे थोर वाङ्मयाची कळा आली, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा संसारही बराचसा नगर आणि राहुरी येथेच झाला.

शाळेच्या पुस्तकांनी टिळकांना 'फुलांमुलांचे कवी' करून ठेवले आहे. ते नाव गोड असले तरी त्यामागचा माणूस त्यात झाकला जातो. १८६१ साली करजगाव येथे जन्मलेला हा कोकणस्थ ब्राह्मण आयुष्यभर कोठेही स्वस्थ बसला नाही. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. घर मांडले, मोडले. न सांगता निघून जाणे तर नित्याचेच. १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे चित्त धरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता तरी हा जीव निवला असेल असे वाटावे, तर तसे झालेले नाही. १९१७ साली मिशनची नोकरीही सोडून ते साताऱ्यास गेले, संन्याशाच्या वृत्तीने राहू लागले आणि 'देवाचा दरबार' मांडून बसले. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे टिळक म्हणत. त्यांची अभंगरचना वाचताना या म्हणण्याची खूण पटते. ख्रिस्ताला ते माउली म्हणून हाक मारतात, त्याच्याशी लडिवाळपणा करतात, रुसतात. मराठी ख्रिस्ती उपासनेला आईच्या भाषेत बोलता येऊ लागले, हे टिळकांचे मोठे ऋण आहे. परंतु रसिकाने येथे थोडे थांबून एक भेद करावा. ज्या अभंगांत टिळक भांडतात, तळमळतात, आपली वणवण देवापुढे उघडी करतात, ते अभंग जिवंत आहेत. ज्यांत पहिल्याच चरणाला विसावा लाभलेला असतो, त्यांत शब्द सारे तुकोबांचे असले तरी तुकोबांची रात्र त्यांत नसते. तुकोबांचा आनंद आपण खरा मानतो, कारण त्याआधीचा दुष्काळ, दिवाळे आणि देवाशी केलेले भांडण आपण ऐकलेले असते. टिळकांची काही उपासनागीते शेवटच्या मुक्कामावरूनच गायला सुरुवात करतात. ओझे दिसलेच नाही, तर ते उतरल्याचे सुख ऐकणाऱ्याला कसे कळावे?

मात्र याच्या उलट बाजूही मांडली पाहिजे. ही गीते एकट्याने खोलीत वाचण्यासाठी लिहिलेली नाहीत. नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत ती ज्यांनी गायिली त्यांतले बहुतेक जण महार-मांग समाजांतून ख्रिस्ती झालेले होते. गावकीची वेठ, शिवाशिवीची वागणूक आणि वर १८९९-१९०० सारखा दुष्काळ, हे ओझे त्यांनी खरोखरीच डोक्यावर आणि पाठीवर वाहिलेले होते. गीतात ओझ्याचे वर्णन नसले तरी गाणाराच्या अंगावर त्याचे वळ होते. त्यांच्या तोंडी 'विसावा' हा शब्द जेवढा जड होता, तेवढा तो लिहिणाऱ्या कवीच्या लेखणीतही नसेल. उपासनागीताची अर्धी कविता गाणाराने पुरवायची असते, हे मान्य केले म्हणजे टिळकांच्या साध्या गीतांकडेही अधिक न्यायाने पाहता येते.

तरीही टिळकांचे सगळे काव्य वाचून झाल्यावर मनावर ठसा राहतो तो शोधाचा. सापडल्याची खूण पाहायची तर ती त्यांच्या घरातच, पण दुसऱ्याच पुस्तकात आहे. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. चौथा भाग पुरा होण्याआधीच, १९३६ साली, बाई गेल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या बाईने साठी ओलांडल्यावर लिहिलेले हे पुस्तक मराठी गद्याचे भूषण ठरले. त्याची स्तुती थोडी का झाली आहे! निर्मळ भाषा, मिस्कील विनोद, नवऱ्याचे हुबेहूब चित्र, सगळे टीकाकारांनी वाखाणले. पण वाखाणताना बहुतेकांनी एक सोयीस्कर वाटणी करून टाकली: विनोद वाङ्मयाकडे आणि श्रद्धा चर्चकडे. जणू बाई हसतात त्या लेखिका म्हणून आणि प्रार्थना करतात त्या धर्मांतरित म्हणून. ही वाटणी मला मान्य नाही. या पुस्तकातला विनोद हाच त्यातल्या श्रद्धेचा पुरावा आहे, असे मला वाटते.

बाईंचे बालपण आठवून पाहा. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले. बाजारातून आलेली वस्तू पाण्यातून काढल्यावाचून घरात यायची नाही. मुलांनी कशाला शिवायचे आणि कशाला नाही, याची धास्ती उठल्यापासून निजेपर्यंत. अशा घरातून ही मुलगी अकराबारा वर्षांची असताना टिळकांसारख्या वादळाच्या पदरी पडली. पुढे नवरा ख्रिस्ती झाला. त्या काळी अशा बाईची दशा विधवेहूनही चमत्कारिक. कुंकू आहे आणि संसार नाही. नातलगांच्या आधाराने काही वर्षे काढून त्या मुलासह नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळे सोडले नाही. एकाच घरात नवऱ्याचा स्वयंपाक निराळा आणि त्यांचा निराळा. टिळकांनी, एरवी इतक्या शीघ्रकोपी माणसाने, या बाबतीत त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणात जमा केली पाहिजे.

बाई बदलल्या त्या कोणाच्या प्रवचनाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच झगडल्या आणि माणसानेच केली असा निवाडा झाल्यावर कोणाच्याही हातचे खायला मोकळ्या झाल्या. १९०० साली राहुरीस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पंडिता रमाबाईंची हकीकत येथे आठवते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, पण मनाला खरी शांती लाभली ती त्यानंतर आठेक वर्षांनी, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. विधी अगोदर आणि विसावा मागाहून, असा तो क्रम होता. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत विसावा आधी आला आणि विधी मागून. दोघींच्या चरित्रांतून कळते ते इतकेच की धर्म बदलला त्याच तारखेला मन निवते असे नाही.

आणि त्यानंतर बाईंचे कष्ट थांबले का? मुळीच नाही. टिळक हातचा पैसा उधळीतच राहिले, कोणाला तरी घरी आणीतच राहिले. बालकवी ठोमरे या घरात लेकरासारखे वावरले. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात ते गेले. एका वर्षाने टिळकही गेले. दुष्काळ, प्लेग, पोरकी मुले, हे सारे बाईंच्याच अंगावर. पण सोवळ्याची धास्ती उरली नव्हती, लोक काय म्हणतील याची धास्ती उरली नव्हती, आणि देव रागावेल याचीही नव्हती. भ्यालेल्या माणसाला स्वतःकडे पाहून हसता येत नाही. दुखावलेला माणूस हसला तर त्यात बोच येते. बाई वडिलांच्या सोवळ्याला हसतात, नवऱ्याच्या लहरीला हसतात आणि सर्वांत अधिक स्वतःच्या फजितीला हसतात, पण त्यात बोच कोठेही नाही. ज्यांनी छळले त्यांच्याबद्दल वाचकाच्या मनातही तिरस्कार उरत नाही. सूड नको, समर्थन नको, कोणाला बाटवायचा आवेश नको. अशी लेखणी हातात यायला मन कोठे तरी टेकलेले असावे लागते.

आता जुवाच्या कोड्याकडे परत येऊ. आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ते घालावे तर तो हसेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तूप लावून मळताना त्याच्या हाताला कळते की खांद्याला घट्टा पडतो तो नीट न बसणाऱ्या जुवाने. नीट बसलेले जू दिवसभर ओढूनही खांदा सोलवटत नाही. आणि जू कधी एकट्या बैलाचे नसते. टिळकांनी जन्मभर एकेक जू झुगारून विसावा शोधला. लक्ष्मीबाईंना तो खांद्यावरच्या जुवाखालीच मिळाला.

या दोघांच्या जोडीची सर्वांत बोलकी खूण म्हणजे 'ख्रिस्तायन'. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राचा हा संकल्प टिळकांचा. पहिले दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले. पुढचा बहुतेक सारा डोलारा लक्ष्मीबाईंनी उचलला आणि ग्रंथ १९३८ साली, त्यांच्याही मागे, बाहेर आला. काव्यगुणांत टिळकांचे अध्याय अधिक बांधीव आहेत हे कोणीही सांगेल. बाईंची ओवी मध्येच घरगुती होते, कोठे पसरते. पण ती धापा टाकीत नाही. नवऱ्याने अर्ध्यावर ठेवलेले ओढणे त्यांनी तक्रारीवाचून पुढे नेले आहे, आणि हे पुढे नेणेच मला त्या ग्रंथातील सर्वांत ख्रिस्ती गोष्ट वाटते.

श्रद्धेने मनाला विसावा मिळतो असे सांगणारी पुस्तके सर्वच धर्मांत ढीगभर आहेत, आणि दिवाळीच्या सुमारास ती भेटही दिली जातात. त्यांची पारख करायला 'स्मृतिचित्रे' हाताशी ठेवावीत. घरात ज्यांनी ती वाचली नसतील त्यांनी या सुटीत मोठ्याने वाचावीत. आजीला आपल्या सासरचे कोणी तरी त्यात भेटेल, मुले टिळकांच्या लहरींना हसतील. हसणे ओसरल्यावर कोणाला तरी वाटेल की इतके सोसलेल्या बाईच्या बोलण्यात कडवटपणा कसा नाही. त्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही. ते प्रत्येकाने आपल्या घरच्या जुवाखाली शोधायचे आहे.