शिष्यवृत्तीचा हिशोब कुठल्या वहीत लिहायचा?

‘सरकारी पैशाने परदेशी शिकायला पाठवायचं आणि पोरगं तिकडेच राहिलं तर?’ पुण्यात कुठल्याही विभागाच्या कॅन्टीनमध्ये परदेशी शिष्यवृत्तीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे. पैसा जनतेचा आहे, तर हिशोब मागायलाच हवा. माझी तक्रार हिशोब करण्याच्या पद्धतीबद्दल आहे. या पोस्टमध्ये आधी एक नावाजलेला रिपोर्ट समजून घेऊ, मग त्याची पद्धत आपल्याकडे लावून बघू.

रिपोर्ट काय म्हणतो?

मे २०२३ मध्ये ‘लंडन इकॉनॉमिक्स’ या सल्लागार संस्थेने ब्रिटनमधल्या परदेशी विद्यार्थ्यांचा जमाखर्च मांडला. २०२१-२२ मध्ये तिथे पहिल्या वर्षाला दाखल झालेले परदेशी विद्यार्थी घेतले आणि त्यांच्या पूर्ण शिक्षणकाळाचा हिशोब केला. जमेच्या बाजूला फी, राहण्या-खाण्याचा खर्च, भेटायला येणाऱ्या नातेवाइकांचा खर्च, आणि हा पैसा बाजारात फिरल्यामुळे झालेली आणखी उलाढाल. खर्चाच्या बाजूला आरोग्यसेवेसारख्या सार्वजनिक सेवा आणि शिक्षणावरचं अनुदान. फायदा निघाला ४१.९ अब्ज पौंड, खर्च ४.४ अब्ज.

या रिपोर्टची जमेची बाजू आधी सांगतो. ‘परदेशी विद्यार्थ्यांमुळे इतके पैसे आले’ असे आकडे बरेच जण देतात, पण त्यांच्यावर खर्च किती झाला हे सांगत नाहीत. इथे तो मांडलाय. पण तो करून घेणाऱ्यांत विद्यापीठांची संघटना आणि परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेशासाठी तयार करणारी कंपनी आहे, हे वाचताना लक्षात ठेवायला हवं. आणि पद्धतीतच दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एक, ज्याला बाजारभाव आहे तेवढीच किंमत. दोन, फायदा शिक्षण चालू असतानाच आणि यजमान देशालाच मिळतो.

ही पद्धत पुण्याला लावली तर?

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. तिचं भारतातलं कार्यालय सुरुवातीला आपल्या डेक्कन कॉलेजच्या आवारात होतं. साठच्या दशकात तिच्या शिष्यवृत्त्यांना आधार होता पीएल-४८० च्या रुपयांचा. म्हणजे काय, तर अमेरिकेकडून आलेल्या गव्हाचे पैसे भारत रुपयांत देत असे. ते रुपये अमेरिकेच्या नावावर भारतातच साठत, आणि त्यातला काही भाग इथल्याच कामांवर खर्च होई. त्यात संशोधकांच्या शिष्यवृत्त्या होत्या, तशीच अमेरिकन ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतल्या पुस्तकांची खरेदीही होती. हे काही धर्मादाय काम नव्हतं. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेला भारताचे जाणकार हवे होते.

आता त्याच काळात इकडे आलेली तीन माणसं बघा. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकर आणि महार चळवळीवर संशोधन करून १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. घेतली. गेल ऑम्व्हेट १९६३ मध्ये फुलब्राइटवर पहिल्यांदा भारतात आल्या. पुढे त्यांनी पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कलीला १९७३ मध्ये पीएच.डी. केली. मॅक्सीन बर्नसन भाषाशास्त्राच्या संशोधनासाठी फलटणला राहिल्या, परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं तयार केली आणि फलटणमध्येच शाळा उभी केली.

लंडनच्या पद्धतीने जमा काय धरायची? खोलीचं भाडं, खानावळीचं बिल, एसटीची तिकिटं. झेलियट आणि ऑम्व्हेट यांना वगळून आज महाराष्ट्रातल्या जातिविरोधी चळवळींवर पीएच.डी.चं पहिलं प्रकरणसुद्धा लिहिता येत नाही, ही गोष्ट त्या तक्त्यात कुठेच बसत नाही.

अमेरिकेच्या बाजूनेही बघा. ऑम्व्हेट आणि बर्नसन दोघीही इथेच राहिल्या, भारतीय नागरिक झाल्या. आपल्या कॅन्टीनमधला प्रश्न तिकडच्या करदात्याने विचारला असता तर दोघींच्या नावापुढे ‘पैसे बुडाले’ असाच शेरा पडला असता.

बडोद्याची वही

उलट दिशेचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण ते हिशोब म्हणून फारसं वाचलं जात नाही. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट अशी, की परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजूही झाले. पण जातीमुळे बडोद्यात राहायला जागा मिळेना, ऑफिसात वागणूक अपमानाची, आणि थोड्याच काळात त्यांना मुंबईला परतावं लागलं.

म्हणजे करारापुरतं बघितलं तर ही शिष्यवृत्ती जवळजवळ पूर्ण वाया गेली. माणूस परत आला होता, अट पाळायला तयार होता, पण त्याला सामावून घ्यायची तयारी यजमान शहराची नव्हती. ‘परत येणार का?’ विचारणाऱ्यांनी ‘आल्यावर ठेवून घेणार का?’ हेही विचारायला हवं.

२०२२ चा नियम

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. २०२२-२३ च्या नियमावलीत एक कलम आलं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचं सामाजिक संशोधन या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. सरकारी बाजूचा युक्तिवाद असा, की या विषयांची साधनं भारतातच भरपूर आहेत, त्यासाठी परदेशी कशाला जायचं?

खर्चाचा मुद्दा मी हलका करत नाही. या योजनेत अमेरिकेसाठी वर्षाला १५,४०० डॉलर निर्वाहभत्ता मिळतो. डॉलर ८५ रुपये धरला तर तेरा लाखांच्या वर, फी वेगळी. इकडे जेआरएफ महिना ३७,००० म्हणजे वर्षाला ४ लाख ४४ हजार. फी सोडूनही जवळपास तीन जेआरएफ होतात. हा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर द्यायलाच हवं.

पण विषयांवर बंदी घालून यातला एकही रुपया वाचत नाही! जागा तेवढ्याच राहतात, त्या दुसऱ्या विषयाच्या विद्यार्थ्याला मिळतात. खर्च तोच, फक्त कुणी कशाचा अभ्यास करायचा ते बदलतं.

आणि साधनं इथेच आहेत हे खरं धरलं, तरी परदेशी कुणी नुसती साधनं शोधायला जात नाही. आंबेडकरांचं कोलंबियातलं काम आठवा. एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभार आणि अर्थव्यवहारावर, पीएच.डी. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर, आणि १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचलेला निबंध भारतातल्या जातींवर. सगळे विषय भारताचेच. २०२२ चं कलम तेव्हा असतं तर निदान तो जातींवरचा निबंध तरी त्यात अडकलाच असता.

झेलियट आणि ऑम्व्हेट यांच्या संशोधनाचे विषयही याच कलमात बसतात. थोडक्यात, अमेरिकन मुलगी पुण्यात येऊन दलित चळवळीवर संशोधन करू शकते. पुण्यातली दलित मुलगी याच योजनेतून तिकडे जाऊन त्याच विषयावर करू शकत नाही.

मग हिशोब कसा करायचा?

माझ्या मते खर्चाच्या आकड्याशेजारी निदान तीन रकाने हवेत. निवड कुणाची झाली, आणि एरवी त्यांना स्वतःच्या खर्चाने जाता आलं असतं का? पंधरा-वीस वर्षांनी त्यांचं काम कोण वापरतंय, कुठल्या भाषेत? आणि परत आलेल्यांना इथे नोकरी, घर, विभागात जागा मिळाली का? यातला तिसरा रकाना भरायला सर्वांत सोपा आहे, कारण समाजकल्याण आयुक्तालय इथे पुण्यातच आहे आणि राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर दरवर्षी ७५ विद्यार्थी जाऊ शकतात. आजवर गेलेल्यांना फोन करून सध्या काय करता एवढं विचारलं आणि उत्तरं नावं न देता जाहीर केली, तरी कॅन्टीनमधल्या वादाला पहिल्यांदा काही आधार मिळेल.