द्विशस्त्र-नियम आणि पट्ट्याची कसोटी

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा संवादातून व फाशांच्या दानांतून रचला जाणारा कल्पित साहसांचा खेळ होय. दोन हातांत दोन शस्त्रे घेऊन लढणाऱ्या योद्ध्याविषयी त्याची २०१४ ची संहिता निःसंदिग्ध होती : एका हातातील हलक्या शस्त्राने वार केल्यावर दुसऱ्या हातातील हलक्या शस्त्राने एक जादा वार करता येई. २०२४ च्या संहितेत जादा वार ‘वेगळ्या हलक्या शस्त्राने’ व्हावा एवढेच राहिले; हातांचा उल्लेख गळाला.

वादाचे मूळ येथे आहे. एका पक्षाच्या मते गळलेला शब्द म्हणजे रद्द झालेली अट. एका हाती ढाल असावी, दुसऱ्याने आखूड तलवार मारावी, ती म्यान करावी, कट्यार उपसावी आणि त्याच पाळीत जादा वार करावा. वाराबरोबर शस्त्र काढण्याठेवण्याची मुभा नव्या संहितेत असल्याने हा अर्थ शब्दशः टिकतो. तथापि शस्त्रे एकामागून एक त्याच हाताने चालवावयाची, तर दोन्ही हलकी असण्याची अट कशासाठी? ती अट दोन्ही शस्त्रे एकाच वेळी पेलण्याच्या कल्पनेतूनच उपपन्न होते. शब्द गेला, पण त्याचे प्रयोजन शेजारच्या शब्दात शिल्लक आहे. अर्थनिर्णयात या पुराव्याचे वजन अधिक मानले पाहिजे.

लखुजी जाधवरावांच्या पदरचा एखादा धारकरी या खेळात उतरवून पाहावा. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान, लखुजींचे ठाणे. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात त्यांची हत्या झाली. धारकऱ्याच्या हाती पट्टा द्यावा. पट्ट्याची मूठ कोपराकडे जाणाऱ्या पोलादी खोळीत असते; मनगट वळत नाही, पाते लांब व सरळ. दोन वारांमध्ये तो काढूनघालून चालणार नाही. मर्दानी खेळात मात्र दोन्ही हातांत पट्टे फिरवणारे आढळतात. हे शस्त्र नियमाच्या अर्थाने ‘हलके’ म्हणता येत नाही. २०१४ मध्ये विशेष नैपुण्य घेतल्यास दोन्ही शस्त्रांना हलकेपणातून सूट मिळे. २०२४ मध्ये ते नैपुण्य घेऊनही पहिले शस्त्र हलके असावेच लागते. परिणामी, ढालीआड पाती बदलणाऱ्याला जे मिळते, ते दोन पट्टेवाल्याला मिळत नाही!

खेळ वार मोजतो. पट्ट्याचे सामर्थ्य अखंड फिरण्यात आहे. ‘तोंडाचा पट्टा’ हा वाक्प्रचार त्या अखंडतेवरच उभा आहे, आणि ‘पटाईत’ हा शब्दही मुळात पट्टा खेळण्यात निष्णात असलेल्याचा.