स्लाइड बोलते, तेव्हा वक्ता काय करतो?

कोपरखैरण्यातील एका शाळेत विज्ञान प्रकल्पांच्या सादरीकरणाची स्पर्धा होती. परीक्षक म्हणून आम्हाला बोलावणे होते. २३ गट, प्रत्येकी आठ मिनिटे आणि प्रत्येकाच्या हाती एक पेनड्राइव्ह. सकाळी नऊला सुरू झालेला कार्यक्रम दुपारी दोन वाजता संपला. परतताना ठाण्याच्या गाडीत बसून काय काय पाहिले ते आठवू लागलो, तेव्हा फार थोडे हाती लागले. उड्या मारत येणारी अक्षरे आठवली. फिरणारा पृथ्वीचा गोल आठवला, कारण तो सहा गटांनी वापरला होता. विज्ञान मात्र एकाच गटाचे आठवले आणि त्या गटाला आम्ही बक्षीस दिले नव्हते.

म्हणूनच हा लेख. टीका मुलांवर नाही. मुले जे पाहतात तेच करतात. परिषदांमध्ये आम्ही संशोधक मंडळीही वीस मिनिटांत चाळीस स्लाइड पळवतो, पडद्याकडे तोंड करून वाचतो आणि 'ही आकृती नीट दिसत नसेल, पण...' असे म्हणून पुढे जातो. दिसत नसेल तर दाखवली कशाला, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

वहीतली भरती

ज्या गटाविषयी बोलतो आहोत तो नववीतील दोन मुलींचा होता. विषय होता भरती-ओहोटी. नवी मुंबई वसली ती ठाणे खाडीच्या काठी. भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की नाल्यातले पाणी खाडीत उतरत नाही, हे इथल्या रहिवाशांना ठाऊक आहे. सिडकोने धारण तलाव राखले तेही त्यासाठीच. मुलींचे सादरीकरण अठरा स्लाइडचे होते. पहिल्या तेरा स्लाइडवर भरतीची व्याख्या, भरतीचे प्रकार, भरतीचे महत्त्व. प्रत्येक स्लाइडवर दहा-अकरा ओळी, आणि त्या ओळी त्या वाचत होत्या. चौदाव्या स्लाइडवर बारीक अक्षरांत २४ ओळींचा तक्ता आला आणि गेला.

वेळ संपल्यावर आम्ही विचारले, ‘‘त्या तक्त्यात काय होते गं?’’ तेव्हा एकीने दप्तरातून वही काढली. खाडीकडे जाणाऱ्या नाल्याच्या भिंतीवर खडूने खुणा करून, दिवसाउजेडी येणारी भरती सर्वांत वर केव्हा पोहोचते, ते या मुलींनी २४ दिवस टिपले होते. ‘‘सर, रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं उशीर होतो. मग संध्याकाळ झाली की एकदम परत सकाळची भरती धरावी लागते. आणि अमावास्येच्या आसपास दुपारी पाणी सगळ्यात वर होतं.’’ हे सांगताना तिने पडद्याकडे एकदाही पाहिले नाही.

चंद्र पृथ्वीभोवती फिरतो म्हणून तो रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तितकीच मागे पडते. पाठ्यपुस्तकातले हे वाक्य दोन मुलींनी नाल्याच्या भिंतीवर वाचले होते. आडव्या अक्षावर तारीख आणि उभ्या अक्षावर वेळ घेऊन ते २४ ठिपके मांडले असते, तर दोन तिरप्या, जवळजवळ समांतर रेघा दिसल्या असत्या. सगळ्या सादरीकरणाला ही एक स्लाइड पुरली असती. तिचा मथळा 'भरती-ओहोटी' असा नको. 'भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते' असा हवा. पहिला मथळा विषयाचे नाव सांगतो, दुसरा विधान करतो. विधान केले की त्याखाली पुरावा ठेवावा लागतो आणि मग भरताडाला जागा उरत नाही. मायकेल अ‍ॅली या अमेरिकी अध्यापकांनी हीच रीत, वर पूर्ण वाक्यातील विधान आणि खाली चित्ररूप पुरावा, शास्त्रज्ञांसाठी आग्रहाने मांडली आहे.

कंदील आणि निवेदक

स्लाइड दाखवून बोलणे ही संगणकाने आणलेली कला नव्हे. कोपरखैरण्याहून ठाण्यामार्गे लोकलने जाता येईल अशा कल्याणमध्ये महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. मुंबईत ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. पटवर्धनांच्या काचा हाताने रंगवलेल्या असत. त्यांवर चित्रे होती, परिच्छेद नव्हते. कथा सांगायला निवेदक होता. चित्राचे काम चित्राने करायचे आणि शब्दांचे काम माणसाने, ही वाटणी त्या खेळात आपोआप झाली होती. एक काच रंगवायला किती कष्ट पडतात, हे ज्याला ठाऊक आहे तो फालतू काच रंगवणार नाही.

पॉवरपॉइंट १९८७ मध्ये आले. आधी ते ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका तयार करण्यासाठी वापरले जाई. त्याने कष्ट संपवले हा त्याचा मोठा गुण. पण कष्टांबरोबर निवडही संपली. नवी स्लाइड उघडली की मथळ्याची चौकट आणि खाली ठिपक्यांची यादी तयारच असते. आपण विचार करण्याआधी चौकट आपल्याला सांगते की तुझ्या म्हणण्याचे तुकडे कर.

दीड बादली आणि कटिंग चहा

तुकडे केल्याने काय होऊ शकते, याचे एक उदाहरण प्रत्येक विज्ञान शिक्षकाला ठाऊक असावे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडाले. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असताना अभियंत्यांनी या धोक्याचा अंदाज नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडच्या रूपात मांडला. एका स्लाइडचा मथळा चाचण्यांविषयी दिलासा देणारा होता. त्याखाली ठिपके, उपठिपके आणि त्यांचेही उपठिपके. अगदी तळाच्या ओळीत एक तुलना होती: आदळलेल्या तुकड्याचे अंदाजी आकारमान १९२० घन इंच, आणि ज्या चाचण्यांवर भिस्त होती त्यांतील तुकड्याचे ३ घन इंच. फरक ६४० पट!

आपल्या मापांत सांगायचे तर चाचणीतला तुकडा सुमारे ४९ मिलिलिटरचा, म्हणजे कटिंग चहाएवढा. प्रत्यक्षातला ३१ लिटरचा, म्हणजे दीड बादली. ही दोन चित्रे शेजारी काढली असती तर दिलासा देणारा मथळा टिकला नसता. १ फेब्रुवारी २००३ रोजी परततीच्या वाटेवर यान तुटले. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर गेले.

इथे सावध राहायला हवे. अपघात स्लाइडमुळे झाला असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. तो पंखाच्या पुढच्या कडेला पडलेल्या छिद्रामुळे झाला आणि त्यामागे संस्थेच्या कामकाजातले अनेक दोष होते. परंतु एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिरफाड केली आणि चौकशी मंडळाने आपल्या २००३ च्या अहवालात तिची दखल घेतली. तांत्रिक निबंधांच्या जागी स्लाइड वापरण्याची सवय हे सदोष संवादाचे लक्षण आहे, असे मंडळाने नोंदवले. त्याआधी १९८६ मध्ये चॅलेंजर अपघाताच्या चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी रबरी कडीचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला होता. थंडीत रबराची लवचीकता जाते हे सांगायला त्यांना एकही स्लाइड लागली नाही.

वाचू की ऐकू?

पडद्यावरचे वाक्य आणि वक्त्याचे वाक्य एकच असेल तर समजणे दुप्पट सोपे होईल, असे आपल्याला वाटते. होते उलटे. डोळे वाचतात आपल्या वेगाने, कान ऐकतात वक्त्याच्या वेगाने. दोन्हीकडून शब्दच येतात आणि ते एकमेकांच्या वाटेत येतात. रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वीज कशी पडते यावरील चलच्चित्र विद्यार्थ्यांना दाखवले. चित्र आणि निवेदन मिळालेल्या गटापेक्षा, त्याच निवेदनाचे शब्द पडद्यावरही मिळालेल्या गटाला कमी समजले. चित्र आणि बोलणे मात्र एकमेकांना आधार देतात. नवी संज्ञा, सूत्र किंवा परकी नावे जरूर लिहावीत. ऐकू कमी येणारा विद्यार्थी वर्गात असेल तर मजकूर हवाच. पण सरसकट नको.

'एका स्लाइडवर सात ओळी' हा नियमही तपासून घ्यावा. त्यासाठी जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधाचा दाखला देतात. तो निबंध स्वरांसारख्या गोष्टी वेगवेगळ्या ओळखण्याविषयी आणि आकडे, शब्द क्षणभर स्मरणात धरण्याविषयी आहे. त्यात स्लाइडच्या ओळींचा संबंध नाही.

मराठी स्लाइडचे आणखी काही प्रश्न आहेत. आपल्या लिपीत वेलांट्या वर आणि उकार खाली असतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते. बारीक टंकात जोडाक्षरे बुजतात. युनिकोड नसलेल्या जुन्या टंकात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक अक्षरे दिसतात. त्या दिवशी दोन गटांचे असेच झाले आणि ते रडवेले झाले. वर्गात पडदे नसतील तर पांढऱ्यावर काळे उत्तम. आलेखात लाल-हिरवा भेद एकट्या रंगावर सोडू नये, कारण वर्गात रंगांधळा मुलगा असू शकतो. आणि शेवटच्या बाकावर बसून आपली स्लाइड एकदा स्वतः वाचावी.

गुणपत्रिका

आता आमचा दोष. आम्हाला दिलेल्या गुणपत्रिकेत सजावटीला २० गुण होते, स्लाइडच्या संख्येला १० आणि निरीक्षणांना स्वतंत्र रकाना नव्हता. आम्ही ती मुकाट्याने भरली. पहिले बक्षीस कृष्णविवरांवरील झगमगीत सादरीकरणाला गेले. त्यात त्या मुलांनी स्वतः पाहिलेली एकही गोष्ट नव्हती. तशी असणे शक्यही नव्हते. वहीवाल्या मुलींना उत्तेजनार्थही मिळाले नाही. त्या निकालावर आमची सही आहे.

शिक्षकांना विनंती अशी की, पुढच्या स्पर्धेत प्रत्येक गटाला दोन मिनिटे प्रोजेक्टर बंद करून बोलायला लावावे. एरवी वीज गेली की हे घडतेच, ते मुद्दाम घडवावे. सजावटीचे गुण काढून 'स्वतः काय मोजले' याला द्यावेत. पाच स्लाइडची मर्यादा घालावी. आणि वही टेबलावर ठेवायला सांगावी. परीक्षकांनी आधी ती उघडावी, मग पडद्याकडे पाहावे. आम्हीही यापुढे तेच करणार आहोत.