गायक, स्थळ आणि श्रोता : वऱ्हाडातील दोन लोकगायनपद्धती

लोकगायनाच्या अभ्यासात पदांना जेवढे महत्त्व मिळते, तेवढे गायनस्थळाला व श्रोतृवर्गाला मिळत नाही. पदे संकलित होतात, त्यांची भाषा तपासली जाते. परंतु ती कोठे, कोणापुढे व कोणत्या निमित्ताने गायिली गेली, हा प्रश्न बहुधा प्रस्तावनेतील एखाद्या वाक्यावर भागविला जातो. ही पद्धत अपुरी आहे, हे श्रीसंत गाडगे महाराज (१८७६–१९५६) व राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांच्या उदाहरणांवरून स्पष्ट होते. शेंडगाव व यावली ही त्यांची जन्मगावे अमरावती जिल्ह्यातील. गाडगे महाराजांचे बालपण अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे येथे, मामाकडे गेले. लोकशिक्षण हा दोघांचाही हेतू. तथापि गायक, स्थळ व श्रोता यांची सांगड घालण्याच्या त्यांच्या रीती भिन्न आहेत.

गाडगे महाराजांनी श्रोत्यांना आपल्याकडे बोलाविले नाही. श्रोते जेथे आधीच जमत, तेथे ते गेले. पूर्णाकाठच्या ऋणमोचनासारखी यात्रेची ठिकाणे हेच त्यांचे रंगस्थळ. दिवसा खराट्याने गाव झाडावे व रात्री तेथेच कीर्तनास उभे राहावे, हा त्यांचा क्रम होता. म्हणजे स्थळ ही कीर्तनाची केवळ पार्श्वभूमी नसून त्याचा पहिला भागच होय. नारदीय कीर्तनातील पूर्वरंग व उत्तररंग यांची शास्त्रोक्त बांधणी येथे नाही. वऱ्हाडी बोलीत प्रश्न, श्रोत्यांचे एकमुखी उत्तर आणि त्या उत्तरातून उपजणारा पुढचा प्रश्न, अशी ही रचना आहे. कर्ज काढून केलेले सण, देवापुढील पशुहत्या, अस्पृश्यता यांविरुद्धचा निर्णय कीर्तनकार देत नाही. तो श्रोत्याच्या मुखातून वदविला जातो.

मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात ८ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. अशा कीर्तनाची संहिता केवळ वाचणाऱ्यास त्यातील पुनरुक्ती दोषरूप वाटण्याचा संभव आहे. परंतु श्रोत्याला उत्तराची उसंत देणे हेच त्या पुनरुक्तीचे कार्य होय. श्रोता वगळला की गुणच दोष भासू लागतो.

तुकडोजी महाराजांनी दुसरा मार्ग अनुसरला. त्यांनी स्थळच निर्माण केले. १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन झाला आणि श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून सामुदायिक प्रार्थना गावोगाव पोहोचली. खंजिरी हे वाद्यही या कार्यास अनुकूल. ती एका हातात मावते आणि गायकाला स्वतःच वाजविता येते. गाडगे महाराजांचा श्रोता उत्तर देतो; तुकडोजींचा श्रोता स्वतः गायक होतो. त्यामुळे त्यांच्या निर्वाणानंतरही भजनी मंडळांतून ही परंपरा चालू राहिली. गाडगे महाराजांनी मात्र शिष्यपरंपरा निर्माण केली नाही.

यावरून दुसरी रीत श्रेष्ठ ठरविणे घाईचे होईल. मंडळाचा श्रोता मूळचाच अनुकूल असतो; त्याला जिंकावे लागत नाही. जेथे मतभेद नाही, तेथे प्रश्नाची धार बोथट होण्याचा धोका असतो. यात्रेतील श्रोता नवसासाठी आलेला, कित्येकदा बोकड घेऊन आलेला असे. त्याच्याशी होणाऱ्या संवादातील नाट्य नियमित प्रार्थनेत येणे कठीण. एका रीतीस टिकाऊपणा लाभला, दुसरीस तीव्रता. अकोला जिल्ह्यातील अकोट परिसरातून पुढे आलेले सत्यपाल महाराज यांनी सप्तखंजिरीच्या साथीने या दोन्ही संतांचे विचार मांडले, ही घटना या दृष्टीने लक्षणीय आहे. तुकडोजींचे वाद्य आणि गाडगे महाराजांची विनोदी, बोलभाषेतील झडती यांचा तेथे संयोग झालेला दिसतो.

तात्पर्य, वऱ्हाडी लोकगायनाच्या संकलकाने पदासोबत स्थळ, प्रसंग व श्रोत्यांचा प्रतिसाद यांचीही नोंद केली पाहिजे. अन्यथा संग्रहात शब्द राहतील. परंतु ज्या संवादामुळे त्यांना अर्थ आला, तो निसटून जाईल.