रिमोट बोलतो, पण ऐकत नाही

घरातील दिवे-पंखे एका नियंत्रकाला जोडता येतात. टीव्ही जोडायचा म्हटले की गाडी अडते. कारण रिमोटच्या भाषेत आहे.

रिमोटमधून अवरक्त किरण सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकत बाहेर पडतात. (मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बटण दाबलेला रिमोट पाहिल्यास बहुधा जांभळट ठिपका दिसतो. वर्गात जरूर दाखवा.) प्रचलित ‘एनईसी’ पद्धतीत एका संदेशात ३२ बिट असतात : ८ पत्त्याचे, ८ आज्ञेचे आणि चूक पकडण्यासाठी दोहोंची उलट प्रत. एवढी काळजी घेऊनही उत्तराची सोय मात्र नाही! त्यात चालू-बंद बहुधा एकाच बटणावर. टीव्ही आधीच चालू असेल, तर नियंत्रकाने ‘चालू हो’ म्हणून पाठवलेला संदेश त्याला बंद करतो आणि नियंत्रकाला त्याचा पत्ताच नसतो.

एचडीएमआय केबलच्या जोडणीतील १३ क्रमांकाची पिन ही उणीव भरून काढू शकते. तिच्यावरून सेकंदाला जेमतेम ४०० बिट जातात. पण दोन्ही दिशांनी. ‘तू चालू आहेस का?’ असे विचारता येते. मात्र ही सोय ऐच्छिक. शिवाय सॅमसंगने तिला ‘ॲनीनेट प्लस’, एलजीने ‘सिम्पलिंक’, सोनीने ‘ब्राव्हिया सिंक’ म्हटले. मूळ भाषा एक असून ग्राहकाला त्या तीन वाटाव्यात, हे आम्हाला तांत्रिक उणिवेपेक्षा अधिक आक्षेपार्ह वाटते.

२०२२ साली आलेल्या ‘मॅटर’ या सामाईक प्रमाणात टीव्हीसाठीही आज्ञा आहेत, पण उत्पादकाने त्या स्वीकारल्या तरच उपयोग. एरवी टीव्हीच्या प्लगमधून जाणारी वीज मोजून तो चालू आहे की बंद, हे नियंत्रकाने ओळखायचे.