निदर्शक आणि कारण

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांचे रक्त तपासायचे, निरोगी माणसांच्या रक्ताशी त्याची तुलना करायची आणि जो फरक आढळेल तो रोगाचे कारण म्हणून मांडायचा, अशा धर्तीचे शोधनिबंध आमच्या नेहमी वाचनात येतात. रुग्णांमध्ये कॉर्टिसॉल जास्त, टेस्टोस्टेरॉन कमी आणि मॅलोनडायआल्डिहाइड वाढलेले आढळते. मुक्त मूलकांमुळे शरीरातील मेदाचे ऑक्सिडीकरण झाले की मॅलोनडायआल्डिहाइड तयार होते. म्हणून त्याला 'ऑक्सिडीकारक ताणा'चा निदर्शक मानतात. आमचा आक्षेप या मोजमापांना नाही, त्यांवरून काढलेल्या निष्कर्षाला आहे.

रक्त घेतले केव्हा? झटक्यानंतर. पण कोणत्याही गंभीर आजारात कॉर्टिसॉल वाढते व पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉन घटते. बंद झालेली धमनी मोकळी होऊन रक्त पुन्हा वाहू लागले, की मुक्त मूलकेही जोमाने तयार होतात. म्हणजे ज्याला कारण म्हटले, तो झटक्याचा परिणामही असू शकेल. शिवाय धूम्रपानामुळे ऑक्सिडीकारक ताण आणि हृदयविकार ही दोन्ही वाढतात, हेही विसरून चालणार नाही.

हा केवळ तर्काचा वाद नव्हे. पाळी जाण्यापूर्वी स्त्रियांना हृदयविकार कमी होतो. तेव्हा इस्ट्रोजेन हृदयाचे रक्षण करत असावे, असा तर्क होता. अमेरिकेतील 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट'मध्ये झटक्यातून वाचलेल्या पुरुषांना ते देऊन पाहिले. मोठी मात्रा घेणाऱ्यांत झटके वाढले आणि १९७० मध्ये ती थांबवावी लागली. ब्रिटनमधील 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'त २०,५३६ जणांपैकी निम्म्यांना 'क' व 'ई' जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटिन पाच वर्षे दिले. रक्तातील त्यांचे प्रमाण वाढले. पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार झटके कमी झाले नाहीत, मृत्यूही नाहीत.

निदर्शक मोजणे निरर्थक आहे, असे आम्ही म्हणत नाही. निरोगी माणसांचे रक्त आधी घेऊन साठवावे, पुढे कोणाला झटका येतो ते वर्षानुवर्षे पाहावे आणि मग तुलना करावी. यात वेळ व पैसा लागतो, पण आधी काय आणि नंतर काय हे तरी कळते.

'अँटिऑक्सिडंट' गोळ्यांची जाहिरात वर्गात जरूर न्यावी आणि विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावावेत : मोजमाप केव्हा केले? दोन्ही गट इतर बाबतींत सारखे होते का? निदर्शक बदलल्यावर रोग कमी झाला का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत गोळीसाठी खिशात हात घालण्याची घाई नको.